साखळीची शिडी

२ मार्च

स्वयंपाकघराचा पडदा जळाला. यांनी चहाला म्हणून गॅस पेटवला, भांडं ठेवायचं विसरले अन् हातातलं फडकं बर्नरवरच टाकलं. मी आंघोळीला होते. धूर आला तशी धावले, बादलीभर पाणी ओतलं. हे दाराशी उभे राहून मलाच डाफरत होते — कोणं लावली आग?

आग विझल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं. बाहेरचं दार स्वयंपाकघराला लागून. त्याला आतून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. कारण हे निघून जातात. माजरीच्या खाणीतून रिटायर होऊन जमाना झाला, तरी यांना पहिल्या पाळीला जायचंच असतं! दुसरी वाट बाल्कनीची, तिला माकडांपायी जाळी ठोकलेली. म्हणजे मीच आम्हाला कोंडून ठेवलंय.

४ मार्च

समोरच्या रंजीतानं प्रफुलला कळवलंच. पोटचा पोर, काळजीनं बोलतो, पण नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकतो! आणखी एकदा असं झालं तर बाबांना तिकडच्या केंद्रात ठेवू म्हणे. विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात, तो बघूनही आला.

मी म्हटलं, थोडे दिवस दे. मी वाट काढते.

९ मार्च

शिड्या बघत बसले मोबाइलवर. दोराच्या आहेत, साखळीच्या आहेत. दोराची स्वस्त, हलकी. पण आगीतून पळायला दोर? तो आधी जळेल! साखळीचीच घ्यायची. लोखंडी आकडे कठड्यावर अडकवायचे अन् शिडी खाली सोडायची. पायऱ्यांना मागून टेकू असलेली बघितली, म्हणजे शिडी भिंतीला चिकटत नाही, पाय नीट ठेवता येतो.

आमचा पहिला माळा, पण खाली पार्किंग, म्हणून उंची जास्त. दुमाळ्याची मागवली.

१६ मार्च

आली. आकडे कठड्यावर बसेचनात! आमच्या बिल्डरनं पैसे खाल्ले नसतील तेवढी एकच जागा — कठडा. हा जाड! आधी मोजायला काय झालं होतं मला? परत पाठवली. रुंद आकड्यांची मागवली.

२३ मार्च

वेल्डर लोकेश आला. जाळीला दारासारखं कापून बिजागऱ्या लावल्या. कुलूप लावू का म्हणाला. मी नको म्हटलं. धुरात किल्ली कोण शोधणार? साधी कडी लावून घेतली. माकडाला उघडणार नाही एवढी घट्ट आहे.

३० मार्च

पहिली उतरणी! सकाळीच केली. काल दुपारी साखळीला हात लावून पाहिला तर चटका बसला, चंद्रपूरचं ऊन ते.

आधी मी. साडीत जमेना, म्हणून रंजीताची सलवार घातली. या वयात! हे बघून हसले. किती दिवसांनी हसले. तोंड भिंतीकडे, दोन्ही हातांनी धरायचं, खाली बघायचं नाही. रंजीता खाली शिडी धरून होती. मी मध्येच अडकले, डोळे मिटून बुद्धं सरणं म्हणायला लागले. वरून हे म्हणाले, "घाबरू नको. एक पाय टेकला की मंगच दुसरा सोड."

मग हे उतरले. मला वाटलं होतं धरून धरून उतरवावं लागेल. कुठलं काय! आकडा स्वतः हलवून पाहिला, कडी पाहिली, अन् जिना उतरावा तसे खाली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. नाव विसरतो, जेवलो ते विसरतो, हात-पाय मात्र काही विसरले नाहीत. मी खाली यांना धरून खूप रडले. आनंदानंच.

६ एप्रिल

प्रफुल आला. त्याच्यासमोर उतरून दाखवलं दोघांनी. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, आई, शिडी आगीसाठी झाली. तुझं काय? तू झोपत नाहीस, जेवत नाहीस, तुझी शुगर बघ. तू पडलीस तर बाबांना कोण बघणार?

जेवताना पुन्हा नागपूरच्या त्या केंद्राचं बोलणं झालं. हे समोर वरण-भात खात होते. मीही बोलून गेले — "मी यायले पोहचवाले जाईन बी. पण तिथून एकटी वापस कशी येऊ? माह्याच्यानं नाई होणार, बापू."

हे म्हणाले, भात आहे का अजून?

१८ एप्रिल

काल हे गेले.

मी औषधं आणायला खाली उतरले होते. बाहेरून कुलूप घातलं होतं. परत आले तर घर रिकामं. बाल्कनीत शिडी लटकलेली. साखळी तापली होती, तर यांनी हाताला दुपट्टा गुंडाळला असावा, तो खाली पडलेला. मीच शिकवलं. मीच जाळीला कुलूप लावू दिलं नाही. सारं माझ्या हातानं केलं!

माजरीलाच गेले असणार, ड्युटीवर. रंजीताचा नवरा गाडी घेऊन तिकडे गेला. माजरीसाठी भद्रावतीला उतरतात, तिथे शोधलं, खाणीच्या गेटवर विचारलं. नाही. मी स्टँडवर वेड्यासारखी माणसांचे चेहरे बघत फिरत होते. पोलिसात फोटो दिला. फोटोत हे किती चांगले दिसतात.

संध्याकाळी फोन आला, एका एसटी कंडक्टरचा. यांच्या खिशात मी माझा नंबर लिहून ठेवला होता. म्हणाला, बाबाजी माझ्या गाडीत आहेत, वरोऱ्याला स्टँडवर बसवून ठेवतो. म्हणजे भद्रावतीला उतरायचंच विसरले!

घरी आणलं. जीव भांड्यात पडला, अन् मग राग आला. खूप बोलले मी. कोणाच्या जिवावर निघाले होते? खाण तुमच्याशिवाय बंद पडली का? हे ऐकत राहिले, मान खाली घालून.

आज प्रफुलला सांगितलं, रविवारी गाडी घेऊन ये. मी हरले. शिडी गुंडाळून माळ्यावर टाकली.

१९ एप्रिल

यांचे कपडे पिशवीत भरले. बनियनच्या घड्या घालताना रडू आलं. दिवसभर यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर धीर सुटला असता.

२० एप्रिल

कंडक्टरला आभाराचा फोन केला. म्हटलं, माजरीसाठी भद्रावतीला उतरायचं सोडून पुढे आले बिचारे, डोकं चालत नाही त्यांचं.

तो म्हणाला, "नाई काकू. माजरीचं नावच नाई घेतलं त्यायनं. नागपूरचं तिकीट मागितलं. म्या इचारलं, कोणाकडे जाता? तं म्हणते, इसरणाऱ्या लोकायले ठेवते तिथी. बायको पोहचवाले आली तं एकटी वापस कशी जाईन, म्हणून मीच जाऊन राह्यलो. म्हणूनच तं म्या तुमाले फोन लावला."

फोन ठेवला अन् तशीच यांच्याजवळ गेले. गॅलरीत माकडं बघत बसले होते. पाय धरले मी. विचारलं, "अहो, त्या दिवशी बसमंदी तुमी कुठी चालले होते?"

हे म्हणाले, "कोणती बस?"

प्रफुलला कळवलं, गाडी आणू नको.