फिल्टर गुलाबी निघाला

आगाशी,
आगमनकाळाचा पहिला रविवार

चि. सौ. सुमेधा हिस,

पप्पांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इथे ठीक आहोत, म्हणजे माझा खोकला जिथे होता तिथेच आहे आणि मम्मीची कंबर रोज नवीन ठिकाणी दुखते. तुम्ही तिघं फुलपाड्याच्या नव्या जागेत आता रुळला असाल. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालते का, खिडकीतून काही हिरवं दिसतं का, हे सगळं मम्मीकडून तुकड्या-तुकड्यांत कळतं, पण ती उत्तरं देते ती मी विचारलेल्या प्रश्नांची नसतात. कराडला तुझ्या आईंच्या गुडघ्याला आता कसं आहे? त्यांना जिना टाळायला सांग. (मी डॉक्टर नाही, पण चौतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेल्या माणसाला बिजागरी कशाने झिजते एवढं कळतं.) कॅल्विनला तिकडून स्टेशन जवळ पडतं हे ऐकून समाधान वाटलं. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू "हो पप्पा" म्हणतेस, मी "बरं, ठेवतो" म्हणतो आणि एका मिनिटाच्या आत आपण दोघं मोकळे होतो. म्हणून पत्र लिहितोय. मम्मी बुधवारी एलिसाला भेटायला येईल तेव्हा तिच्या पिशवीत असेल.

पत्राचं कारण तसं छोटं आहे. तुझं जूनमध्ये हरवलेलं मोत्याचं कानातलं सापडलं. सोबत कागदाच्या पुडीत पाठवतोय. ते व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत होतं. तू ते शोधत होतीस तेव्हा मी तुला वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या सवयीबद्दल जेवताना बरंच काही ऐकवलं होतं, आणि तू मान खाली घालून कोलंबी सोलत होतीस. ते ऐकवणं मी आता परत घेतो. कानातलं जागच्या जागीच होतं, जागा माझ्या मशीनची होती.

आता तू म्हणशील, नळीत हात घालायची वेळ का आली. मशीन ओढेनासं झालं होतं. तुला माहीतच आहे, पिशवी नसलेलं हे मशीन कॅल्विनने मला खोकल्यासाठी म्हणून आणून दिलं आणि मी ते खोकल्यापेक्षाही जपलं. पारदर्शक डबा, त्यात धूळ गरगर फिरताना दिसायची. एलिसा रोज सकाळी दूध पीत पायरीवर बसून ते बघायची आणि त्याला आजोबांचं चक्रीवादळ म्हणायची. (मी तिला केंद्रोत्सारी बल समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा चक्रीवादळच म्हणाली.) तर दिवाळीत त्या मेल्या वाऱ्याने तुम्हा मायलेकींची रांगोळी उडवली, आठवत असेल, साधारण तेव्हापासून हे मशीन नुसतं ओरडायचं, ओढायचं काही नाही. मोटर गेली असं दुकानदार न बघताच म्हणाला. मी म्हटलं, मुलांना पंप आणि मोटर शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने दुकानदाराचं ऐकायचं नसतं.

शुक्रवारी सकाळी पडवीत जुनी चादर अंथरली आणि मशीन खोलायला बसलो. सोबतचं माहितीपुस्तक सतरा भाषांत आहे, त्यात आपली नाही. मग चित्रांवर भिस्त ठेवली. चित्रातल्या माणसाला दोन हात आहेत, डोकं नाही. दुपारपर्यंत मला त्यामागचा विचार पटला. प्रत्येक भाग काढला की खडूने त्यावर नंबर टाकायचा, अशी माझी पद्धत. ती चौदापर्यंत नीट चालली, पुढे मला शिंक आली आणि पंधरा ते वीस एका जागी गोळा झाले. ब्रशच्या रुळावर केसांचा जाड पट्टा बसला होता, तो ब्लेडने कापून काढला. लांब केस तुझे, कुरळे एलिसाचे, पांढरे आमचे, सगळे एकत्र घट्ट गुंडाळलेले. मी ते फेकायला उठलो आणि थोडा वेळ हातात घेऊन तसाच बसलो. नंतर फेकले. नळीत मम्मीची जळमटं काढायची काठी घातली तेव्हा तुझं कानातलं आलं, पेन्सिलीची सालं आली, कुरमुरे आले, एलिसाच्या बाहुलीचा एक बूट आला. तो बूटही पुडीत आहे.

मग डब्यातला शंकू उघडला आणि फिल्टर काढला. सुमेधा, फिल्टर पांढरा असतो. धुळीने करडा होतो. हा गुलाबी निघाला. शंकूच्या आत हिरवा थर, त्याच्यावर गुलाबी, आणि अगदी टोकाला थोडा पिवळा. तुमचा मोर गुलाबी आणि हिरवा होता, आणि खाली कोपऱ्यात एलिसाने एकटीने काढलेला हत्ती आणि त्याच्या सोंडेशी उभा असलेला माहूत, ते दोघे पिवळे होते. वाऱ्याने उडालेली रांगोळी फिल्टरच्या आत कशी शिरली, यावर मी चादरीवर बसून बराच विचार केला. तेवढ्यात मम्मी मागे येऊन उभी राहिली. तिने फिल्टर बघितला, मला बघितलं. (पाचूबंदरच्या बाईला एखादी गोष्ट न बोलता किती मोठ्याने म्हणता येते, हे लग्नाच्या आधी मला कोणी सांगितलं नव्हतं.) मग एवढंच म्हणाली, "पानी आनू?"

पाच बादल्या पाणी लागलं. पहिल्या तीन गुलाबी होत्या. मोगऱ्याच्या आळ्यात ओतल्या. काही उगवलं तर कळवीन. फिल्टर चोवीस तास सावलीत वाळवा असं चित्रात घड्याळ आणि छत्री काढून सांगितलं होतं, पण छत्रीचा अर्थ मी पावसात नेऊ नका असा घेतला आणि तो गच्चीवर उन्हात ठेवला, मम्मीच्या बोंबलांच्या शेजारी. इथे माझी चूक झाली हे मी मान्य करतो. स्पंज कुठलाही वास मनापासून स्वीकारतो. संध्याकाळपर्यंत त्या फिल्टरला इतका वास आला की पलीकडच्या व्हिन्सेंटची बोकी बोंबील सोडून तोच घेऊन पळाली. मी लेंग्यावर, हातात झाडू, तिच्या मागे व्हिन्सेंटच्या केळीच्या वाडीत. व्हिन्सेंटने बांधावरून विचारलं, "सर, काय नेलंय तिने?" मी फिल्टर म्हणालो. त्याने मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. फिल्टर मिळाला, दातांच्या चार खुणांसह, पण हवा गाळायला त्यांची अडचण होत नाही.

काल सगळं परत जोडलं. तीन स्क्रू उरले. बटण दाबलं आणि काय सांगू, नवीन असताना ओढत नव्हतं असं ओढायला लागलं. पडद्याचं टोक गेलं, ते मी ओढून काढलं. मागच्या जाळीतून सगळ्या घरभर बोंबलाचा वास सुटला, पण ओढ पहिल्या प्रतीची. मी हॉल घेतला, आमची खोली घेतली, तुमची खोली घेतली, कॉटखाली घेतलं, एलिसाच्या खेळण्यांचा कोपरा घेतला. डबा बघितला. चमचाभर धूळ. पूर्वी एका हॉलमध्ये निम्मा डबा भरायचा. म्हणजे मशीन अजून बिघडलेलंच आहे, असं धरून मी ते पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. (या वेळी स्क्रू चार उरले.) पुन्हा सगळं घर फिरवलं, पुन्हा चमचाभर. तिसऱ्यांदा चादर अंथरायला लागलो तेव्हा मम्मीने ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "अहो, मशीनला काय नाय झालं. कचरा करायला घरात आहे कोण?"

तेव्हा मी खुर्चीवर बसलो. गेले पंधरा दिवस मी रोज सकाळी स्वच्छ घर साफ करत होतो आणि डबा भरत नाही म्हणून मोटरला शिव्या घालत होतो. बिस्किटाचा चुरा नाही, खडूची पूड नाही, शाळेच्या बुटांतली माती नाही. मी तीन वर्षं या कचऱ्याबद्दल कुरकुर केली. आता घर मला हवं होतं तसं आहे, आणि मला ते अजिबात आवडत नाही. मला फार वाईट वाटतं, सुमेधा. हे मी कॅल्विनला लिहू शकलो नसतो.

असो. तब्येतीला जप, ऑफिसात डबा वेळेवर खात जा. कॅल्विनला आशीर्वाद, एलिसाला गोड पापा. तुझ्या आईंना माझा नमस्कार कळव.

तुझे,
पप्पा (मार्सेल)

ता. क. – उरलेले चार स्क्रू कुठले, हे कॅल्विनला विचारू नकोस. मशीन त्यांच्यावाचून चालतं.

ता. क. २ – वारा नव्हता. त्या सकाळी केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. संध्याकाळी आपल्याकडे रोझरीची प्रार्थना होती, पंचवीस-तीस माणसं येणार होती, आणि हॉलमध्ये एलिसाच्या पावलांचे गुलाबी ठसे उमटले होते. मी मशीन लावलं, ठसे ओढत ओढत दारापर्यंत आलो आणि दारात थांबलो नाही. थांबता आलं असतं. रांगोळी तुडवून लोक घरभर करतील, असं मी मनाशी म्हणत होतो. खरं तर आपल्या दारात रांगोळी बघून लोक काय म्हणतील हेही मनात होतं, आणि तेही आदल्याच रात्री व्हिन्सेंटची बायको रांगोळीचा फोटो काढून, सुंदर आहे म्हणून गेलेली असताना. एलिसा उठून रडायला लागली तेव्हा मी वाऱ्यावर ढकललं, आणि ती गप्प होईना म्हणून तिला खारे वारे आणि मतलई वारे समजावून सांगितले. दहा मिनिटं. तू "असू दे पप्पा" म्हणालीस आणि आत गेलीस. तुला तेव्हाच माहीत होतं. महिन्याच्या आत तुम्ही जागा बघितलीत, आणि स्टेशन जवळ पडतं यावर आपण सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मी चुकलो. मला माफ कर.

ता. क. ३ – नाताळला या. चोवीसला सकाळीच या म्हणजे दारात रांगोळी काढायला वेळ मिळेल, हवी तेवढी मोठी. रात्री चर्चमध्ये मिस्साला जाणारं सगळं गाव आपल्या दारावरून जातं, बघू दे त्यांना. मशीन मी माळ्यावर टाकलं आहे आणि शिडी व्हिन्सेंटकडे दिली आहे. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, ती परत मागणार नाही असं त्याला मम्मीसमोर सांगितलं आहे.

ता. क. ४ – पत्र मम्मीने (न विचारता) वाचलं. ती म्हणते, तो हत्ती नव्हता. एलिसाने तिला मागच्या बुधवारी सांगितलं. पोट म्हणजे डबा, सोंड म्हणजे नळी. ते मशीन होतं, आणि नळी धरून उभा असलेला तो माहूत म्हणजे मी. आम्हा दोघांना मी एकाच फेरीत ओढून घेतलं. वाऱ्याचं आणि हे, दोन्ही मला एलिसाला स्वतः सांगायचं आहे, आणि फोनवर मला ते जमणार नाही. तिला घेऊन या. चपला बाहेर काढू नका, तशाच घालून आत या.