निळीला दाणा कोण टाकतं?

उल्हासनगर कॅम्प ४
९ नोव्हेंबर २०२५

ती. रूपेशदादास,
मीनाचा सा. न. वि. वि.

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. कंपनीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवलं, कारण तुझा फोन कुणाच्या हातात असतो याचा मला आता भरवसा नाही.

भाऊबीजेनंतर मला टायफॉइड झाला. आठवडाभर दवाखान्यात होते. तुला कळवलं असतं तर घरी बोलणं निघालं असतं. मी हरेशशी लग्न करून सिंध्यांच्या घरात आले तेव्हा आईने माझं तोंड बघणार नाही असं चारचौघांत सांगितलं. मग माझं दुखणं तरी तिच्या कानावर कशाला?

घरी आले आणि आधी फोनमधलं आपलं शेत उघडलं. आपण दोघांनी मिळून, एकाच पासवर्डवर हा खेळ सुरू केला होता, आठवतं ना? मी अंडी फोडते म्हणून आईने मला खऱ्या खुराड्यात कधी हात घालू दिला नाही, त्याचा राग मी खेळात कोंबड्या पाळून काढला. तिथेही रोज दाणा टाकावा लागतो, पाठीवरून हात फिरवावा लागतो, अंडी गोळा करावी लागतात. कोंबड्या कितीतरी महिने खूश राहिल्या तेव्हा कुठे निळं अंडं आलं आणि त्यातून माझी निळी निघाली. ती दोन दिवस उपाशी राहिली तर पिसं तपकिरी होतात, ती कायमची. त्यामुळे मी आशा सोडूनच खेळ उघडला. बघते तर निळी निळीच! दाणा टाकलेला, पाणी भरलेलं, अंडी टोपलीत. फक्त घरट्यात एक अंडं तसंच ठेवलेलं.

तू तर खेळ कधीच सोडलास. मग माझ्या खुराड्यात शिरतं कोण? मी नाव घेत नाही. पण तिथे कपाटात राहिलेली माझी मोरपिशी साडी न विचारता कोण नेसलं होतं, ते तुलाही माहीत आहे.

हरेश म्हणतो की खेळातल्या कोंबड्यांवरून वहिनीवर संशय घेणारी मीच पहिली. त्याच्या जीन्सच्या कारखान्यात बटणांची पिशवी हलकी लागली की हाच सगळ्यांचे खिसे तपासतो.

लोभ आहेच, पण आधी चोर शोध.

तुझी,
मीना

---

बदलापूर
१४ नोव्हेंबर

चि. सौ. मीनास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कंपनीच्या गेटवर वॉचमनने सगळ्यांसमोर दिलं, आता डब्याच्या वेळी माझी थट्टा चालते. टायफॉइडचं लपवलंस याबद्दल भेटल्यावर कान पिळणार आहे. मी उल्हासनगरला येऊन गेलो असतो. घरी सांगायलाच पाहिजे असं थोडंच होतं?

मी तुझ्या कोंबड्यांना हात लावलेला नाही. पण माझा जुना फोन घरीच पडलेला असतो, काच तडकलेला, आणि त्यात तो खेळ अजून आहे. तुझी स्वप्नालीवहिनी त्यावर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते. आईचं तर तुला माहीतच आहे, फोन वाजला तरी ती लांबूनच हाक मारते.

तुझं पत्र वाचल्यापासून माझंही लक्ष लागलं. परवा सकाळी पहिल्या पाळीचा डबा विसरलो म्हणून परत फिरलो, तर स्वयंपाकघरात स्वप्नाली फोनवर वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मला बघताच फोन परातीखाली गेला. आई शेजारीच तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी विचारलं तर स्वप्नाली म्हणाली की काही नाही. तिचं हे ‘काही नाही’ मला अजिबात आवडलं नाही.

जेवत जा. हरेशरावांना नमस्कार. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, फक्त झोप कमी झाली आहे.

तुझा,
रूपेशदादा

---

उल्हासनगर
१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परातीखाली फोन म्हणजे झालंच की! माझा संशय पक्का झाला.

मी सापळा लावला होता. नव्या पिल्लाचं नाव चोरटी ठेवलं. वाटलं, नाव वाचून शिरणाऱ्याचा हात आखडेल. तर उलट चोरटीच्याच पाठीवरून सगळ्यात जास्त हात फिरतो. शेताच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत विचारलं, कोण आहेस? उत्तर नाही. मी उठायच्या आत दाणा मात्र टाकलेला. आणि ते अंडं! घरट्यात रोज एक राहतंच. सगळी उचलून एक ठेवायचं, म्हणजे कुणीतरी येऊन गेलं हे मला दाखवायचं. असला टोमणा मी नाही सहन करणार.

दादा, मला त्या घरातून काहीच मिळालं नाही. ना माहेरपण, ना दिवाळीचा फराळ. भाऊबीजही आपण रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर केली. एवढं एक शेत आहे जिथे मी उंबरठा ओलांडून जाऊ शकते, आणि तिथेही कुणी न विचारता घुसावं? ३० तारखेच्या रविवारी मी पासवर्ड बदलणार. मग त्या फोनवरून कुणालाच आत येता येणार नाही, तुलाही नाही. निळी माझी, तिचं पोट मी बघीन.

वहिनीला माझा नमस्कार सांगू नकोस.

मीना

---

अंबरनाथ पूर्व
२५ नोव्हेंबर

सौ. मीनाताईंस,
स्वप्नालीचा नमस्कार, तुम्हाला नको असला तरी.

मी शिवमंदिराजवळ माहेरी आले आहे. राग आला म्हणून आले. तुमच्या दादांनी तुमचं पत्र माझ्यासमोर धरून मला चोर ठरवलं. मी शपथेला बांधलेली होते म्हणून गप्प बसले. पण त्यात तुमची रविवारची धमकी वाचली आणि इथे आल्यावर झोप लागेना. शपथ मोडते आहे. पाप लागलं तर अर्धं तुमचं.

तुमच्या खुराड्यात आई जातात.

वर्षभर त्या नुसत्या बघायच्या. सकाळचा चहा हातात घेतला की मला फोन उघडायला लावायच्या. दाणा टाकलेला दिसला की म्हणायच्या, उठली बाई, आणि मग चुलीकडे वळायच्या. दाणा उशिरा पडला की त्यांचा चहा गार व्हायचा. दिवाळीनंतर एका सकाळी दाणा नव्हता. संध्याकाळीही नाही. आई म्हणाल्या की पोरगी आजारी आहे, नाहीतर मुक्या जिवाला उपाशी ठेवणार नाही. मी म्हटलं, फोन करू का? तर नको म्हणाल्या. पण मला दाणा टाकायला शिकव म्हणाल्या. त्यांचं बोट काचेवर इतकं जोरात पडतं की आणखी एक तडा गेलाय. तो आठवडा त्या धड जेवल्याही नाहीत. मी त्यांना विचारलं की तोंड बघणार नाही म्हणालात ना? तर म्हणतात की तोंड बघणार नाही म्हटलं, कोंबड्या बघणार नाही असं कुठे म्हटलं.

तुम्ही बऱ्या झाल्याचं त्यांना कसं कळलं सांगू? एका पिल्लाला चोरटी नाव पडलेलं दिसलं. नाव वाचून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या.

कुलूप लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि ती मोरपिशी साडी आईंनीच मला दिली होती. कपाटात बघवत नाही म्हणाल्या.

तुमच्या दादांना माझा पत्ता माहीत आहे. न्यायला यायची अक्कल सुचली तर बरं. बाकी माझा लोभ आहे, तो आधीही होता.

स्वप्नाली

---

बदलापूर, बारवी रस्ता
१ डिसेंबर

मीनास आईचा आशीर्वाद.

माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून लिवणं वाकडं हाय. लावून घे.

रूपेश जाऊन सूनबाईला घेऊन आला. तिने सगळं सांगितलं. मी तिला रागावले नाय. काल रविवार होता. तू कुलूप लावणार असं ती म्हणाली म्हणून मी चहा बी घेतला नाय. आज पहाटे भीत भीत बोट लावलं. दार उघडलं.

आता तुला एक सांगते, ते नीट ऐक. तू सगळी अंडी उचलतेस. लहानपणापासून तुझी तीच घाई. घरटं रिकामं दिसलं की कोंबडी बिथरते आन दुसरीकडं जाते. म्हणून एक ठेवायचं. ते बघून ती त्याच जागी परत येते. मी टोमणा मारत नव्हते, बाय.

मी चारचौघांत बोलले ते चुकलं. ते गिळायला मला इतके दिवस लागले. टायफॉइडात तुझ्या कपाळावर हात ठेवायचा सोडून मी काचेवर ठेवत बसले.

येत्या रविवारी ये. जावई खरी कोंबडी खातात का ते सूनबाईला फोन करून सांग. निघण्याआधी निळीला दाणा टाक. मी टाकणार नाय. त्या दिवशी सकाळी मला दाणा पडलेला बघायचा हाय.

तुझी वाट बघणारी,
आई