शून्याचं रक्त

३ जून
आले एकदाची. क्वार्टर छोटंच, पण आम्हा मायलेकींना ऐसपैस. चिमणीने आल्या आल्या पलंगावर उड्या मारून घेतल्या. त्याच आवारात समोर औषधचाचणी केंद्र. तिथली धडधाकट माणसं नवं वेदनाशामक घेतात, मी त्यांचं रक्त काढायचं. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. दुखण्याची वर्दी मेंदूकडे नेणाऱ्या नसांवर औषध ठाण मांडतं, वर्दी थांबते. मग मूत्रपिंड ते हळूहळू बाहेर टाकतं. रक्तातलं प्रमाण निम्मं, मग निम्म्याचं निम्मं. शरीराचा कारभार माझ्या घरापेक्षा नेटका आहे.

५ जून
इथली रीत अशी, की कामावर आलेल्या नव्या माणसाचं रक्त यंत्राला ‘शून्य’ म्हणून द्यायचं, कारण त्यात औषध नसतं; बाकीच्यांचं औषध यंत्र त्याच्यापासून पुढे मोजतं. खरं तर पहिल्याच दिवशी द्यायचं होतं. सामान लावण्यात राहून गेलं. आज दिलं.

९ जून
सगळ्यांच्या रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कमी दिसतंय. बाईंनी मात्रा वाढवली.
चिमणीचं बोट दारात चेंगरलं, पण हूं नाही की चूं नाही. झाडपूस करणाऱ्या मावशी म्हणाल्या, पोर भारी सोशिक आहे. मला उगाच अभिमान वाटला.

१२ जून
उकळतं पातेलं हाताने उतरवलं. फोड संध्याकाळी दिसले. दुखलंच नाही.
बाई परवा कौतुकाने सांगत होत्या, यकृत या औषधाला हात लावत नाही, लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. प्लंबरला विचारलं, नळाला पाणी कुठून येतं. म्हणाला, आवारातलंच सांडपाणी गाळून पुन्हा टाकीत चढवतो.

१३ जून
बाहेर रक्त तपासून आणलं. माझ्यात औषध आहे. म्हणजे माझं शून्य शून्य नव्हतंच. सगळ्यांचे आकडे कमी दिसले ते त्यामुळे, मात्रा वाढली ती त्यामुळे, आणि तेच पाणी माझी पोर पितेय— बाईंना सांगितलं. म्हणाल्या, शून्य कसं चुकेल?

१४ जून
चिमणीला बाटलीचं पाणी. निम्मं होईल. मग निम्म्याचं—
जेवत नाही. अंग तापलंय. खेळतेय मात्र.

१५ जून
पोट लाकडासारखं घट्ट. आत काहीतरी फुटलंय, कधीपासून कोण जाणे. मी दाबून विचारलं, दुखतंय का गं?
“नाही आई. गुदगुल्या होतात.”
गाडी बोलावलीय. अजून येत— ओठ निळे पडलेत. रड ना गं, एकदा तरी— हात गार— ती हसतेय, माझ्याकडे बघून हस