कारण सांगायचं नाही

११ जानेवारी १९७९
कुंदाच्या कानशिलात मारली आज. साइटवर, सगळ्या मजुरांदेखत. कुही रस्त्यावरच्या नाल्याचा पूल, तिसऱ्या खांबाचा खड्डा. काळी माती, बाजूंना टेकू नाही, आणि ही बया एकटी सळया मोजायला खाली उतरलेली. दंडाला धरून वर ओढली आणि दिली ठेवून. माती काही ढासळली नाही. ढासळली असती तर थापड शोभली तरी असती.
ज्युनिअर इंजिनिअर म्हणून नवीन आहे. अख्ख्या डिव्हिजनमध्ये साइटवर आम्ही दोघीच बाया. हिला काही झालं तर आमच्या कार्यकारी अभियंता (का.अ.) साहेबांची दिवाळी.

१४ जाने.
कुं. घरी आली. म्हणे, "मॅडम, मारलं त्याचं काही नाही. पण मजुरांसमोर काहून मारलं? आता मुकादम ऐकेल का माझं?"
म्हटलं, आधी तरी कुठं ऐकत होता?
पण खरं बोलली पोरगी. माफी मागणं मला जमत नाही, म्हणून माझी हातोडी दिली तिला. खांब ठोकून बघायचा. भरीव असला तर खणखणतो, पोकळ असला तर मडक्यासारखा बोलतो. पोकळ लागला की एकच शब्द. तोडा. कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की सौदा सुरू होतो.

१८ जाने.
जीपमध्ये प्रॅक्टिस. "तोडा हो जरा" म्हणते! पंगतीत वाढायला आली जणू.
रामभाऊ गाडी हाकता हाकता, "कुंदाताई, मी बायकोवर वरडतो तसं वरडा जी."
"आणि ती उलट ओरडते तेव्हा?"
"तवा म्या भायेर जातो."
हसून हसून पोट दुखलं. शेवटी अशी ओरडली की रस्त्याकडेचे बैल बुजले, गाडीवानाने आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.
मला हे शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्या साहेबाने ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवलं, "बाई, ऊन लागेल तुम्हाला." तरुणपण ट्रेसिंग पेपरवर गेलं. साइट मिळाली तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. कुं.ला त्या टेबलाशी बसू देणार नाही. मेले तरी.

३० जाने.
अक्षर धड येत नाही.
मी मीटिंगमध्ये होते. दुपारी रामभाऊ धावत वर आला, शर्ट रक्ताने माखलेला. त्याचं नव्हतं.
दुसऱ्या खांबाच्या साच्याच्या फळ्या आज काढल्या. कुं.ने ठोकून पाहिलं. खालच्या अंगाला पोकळ. म्हणाली, तोडा. मुकादम हसला. परत म्हणाली. त्याने विचारलं, काहून? तिने कारण सांगितलं नाही.
मी शिकवलेलं.
"तुमच्या लोकायले खुर्ची भेटली त लई मस्ती चढली," म्हणाला आणि सळई उचलली. डाव्या हातावर दोन. हाड बाहेर. तिसरा डोक्यावर बसायच्या आत रामभाऊने त्याला आडवा पाडला. बाकीचे घमेली घेऊन उभे. बघत.
मुडदा बशिवला त्याचा.

३१ जाने.
मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बसून. तिचे बाबा आले, मिलमध्ये कामाला आहेत. वाटलं, माझ्या अंगावर धावून येतील. आले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "छप्पनला दीक्षेच्या दिवशी इले खांद्यावर बसवून नेलं होतं जी. तवापासून इले मान खाली घालाले नाही शिकवलं. तुमीबी नका शिकवू."
मला रडू आलं. गुळण्या करायच्या निमित्ताने नळाशी जाऊन आले.

२ फेब्रु.
मुकादम जामिनावर बाहेर. काल आत, आज साइटवर. ठेकेदाराने त्याला हार घातला म्हणे.
का.अ. म्हणतात, "मी सांगितलं होतं, पोरींना साइट देऊ नका. तिला ड्रॉइंगला टाकतो."
पेपरवेट फेकला. त्यांच्यावर नाही, भिंतीवर. पोपडे निघाले. शिपाई आत डोकावून पळाला. का.अ. शांतपणे म्हणाले, "तिकडे सिरोंचाच्या जंगलात जागा रिकामी आहे, बाई."

६ फेब्रु.
येताना जीपवर धोंडा. समोरची काच माझ्या मांडीवर. रामभाऊच्या भुवईला टाके पडले. तरी गाडी त्यानेच आणली, एका डोळ्याने.
घरी आल्यावर कितीतरी वेळ दाराला कडी लावून उभी होते. मी. भीती वाटली, लिहून टाकते.

९ फेब्रु.
का.अ. साहेबांनी चहा पाजला. हा माणूस चहा पाजतो तेव्हा सावध राहावं. दुसरा खांब पास करा, मुलगी तुमच्याच साइटवर राहील, शब्द देतो. नाहीतर ड्रॉइंग, कायमचं.
खांब पडेल का? बहुतेक नाही. बहुतेक.

१० फेब्रु.
सही केली. ठेकेदाराने खांब लगेच सिमेंटने लिपून घेतला, गुळगुळीत.
तिचा हात वाचला, तिची साइट वाचली. आणखी काय करायला हवं होतं मी? कोणी सांगावं.

१२ मार्च
कुं. रुजू झाली. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात पट्टी.
म्हटलं, आधी चहा घे. सरळ दुसऱ्या खांबाकडे गेली. उजव्या हातात माझी हातोडी. वर खणखण. खाली मडकं.
मुकादम लांबून ओरडला, "तुयाच बाईसायबानं पास केला वं थो!" मजूर खिदळले.
ती वळली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे.
"तोडा."
"कुंदा, अगं ऐक—"
"तोडा."
माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून वं?"
तिने कारण सांगितलं नाही.
मला ओरडून सांगायचं होतं, तुझ्यासाठीच केलं ना, बये! तोडला तर तू टेबलाशी आणि मी सिरोंचाला! नाही सांगितलं. तिने मला थापड मारायला हवी होती, सगळ्यांदेखत. फिटंफाट झाली असती.
घण तिथंच पडला होता. कोणी हात लावेना. तिने एका हाताने उचलायला पाहिलं, पायावर पडता पडता राहिला. मी बघत उभी होते. घमेली घेऊन उभे राहणाऱ्यांत मीही.
संध्याकाळी जीपने तिला सोडलं. घराशी उतरताना म्हणाली, "उद्या बाबांना घेऊन येते, मॅडम. त्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत."
रामभाऊने विचारलं, उद्या जीप किती वाजता लावू? सांगते म्हटलं.
अजून सांगितलं नाही.