दार वाजवून उठवणं

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

आज क्लासमध्ये ‘नॉक अप’ शिकवताना पोरं फिदीफिदी हसली. वाक्य माझंच होतं : शेजारच्या खालांनी आम्हाला ‘नॉक अप’ केलं, म्हणजे दार वाजवून उठवलं. ब्रिटिश इंग्रजीत बरोबरच आहे की. पण पुढच्या बाकावरची स्नेहल हळूच म्हणाली, “मॅडम, अमेरिकेत ते बाईला दिवस गेले की म्हणतात.” मी फळा पुसून ‘वेक अप’ लिहिलं. पण त्यात दार कुठं वाजतं? खाला तर दोन्ही हातांनी दार बडवत होत्या.

क्लास सुटल्यावर स्नेहल थांबली. “मॅडम, राग आला का? खाला कोण होत्या?”

“भूकंपाचा पहिला हादरा बसला तेव्हा त्यांनीच आम्हाला घराबाहेर काढलं.”

“अन् त्या?”

“त्यांच्या नवऱ्याला, चाचांना, उठवायला परत आत गेल्या. दोघंबी न्हाई आले.”

इतक्या वर्षांत हे कुणाला बोलले नव्हते. बोलले तर रडू येईल असं वाटायचं. आज काहीच झालं नाही. असं कसं? रडली ती स्नेहल. मी तिला पाणी दिलं आणि पुढच्या बॅचची हजेरी घ्यायला गेले.