आनंदी गावकरी

बोनकोडे
मार्च १९८४, मंगळवार

फेलोशिपचा अर्ज उद्या द्यायचाय. विषय माझाच: नवी मुंबईसाठी सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी आमची गावं कशी दाखवली. नमुना म्हणून एक जुनं कात्रण जोडलंय. फोटोत आमचे बाबा आहेत. खाली छापलंय, ‘जमीन देताना आनंदी गावकरी’.

संध्याकाळी बाबांना ते वाचून दाखवलं. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “मी कवा हसलो? उनानं डोले बारीक झालते.”

हेच तर माझं संशोधन! पण कॉलेजात सर सकाळीच म्हणाले होते, “हे तुझे वडील आहेत हे लिहू नकोस. समितीला वाटेल, मुलगी घरचीच बाजू मांडतेय.”

खोटं छापणाऱ्यांवर लिहायचं आणि सुरुवात आपणच खोट्याने करायची? आणि खरं लिहून फेलोशिप हुकली, तर... तर या उन्हाळ्यात माझं लग्न. आईने स्थळ बघूनच ठेवलंय.

शेवटी वडिलांच्या रकान्यात बाबांचं नाव लिहिलं. आणि फोटोतल्या माणसापुढे, ‘एक अनोळखी गावकरी’.

“फोटोपुढं माजं नाव लिवलंस ना?” बाबांनी विचारलं.

“हो,” म्हटलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच म्हणू शकले.