लाल गाडीच्या डिक्कीतला जोड

प्रिय दादा,

उद्या सकाळी दहाला अण्णा त्यांची लाल गाडी न्यायला येणार आहेत, आणि मी रविवारच्या भर दुपारी शटर अर्धं खाली ओढून तुला पत्र लिहीत बसलेय. हसू नकोस. तुला सांगायलाच हवं असं काहीतरी आज सापडलंय. एकदम लिहायला धीर होत नाही, म्हणून आधी गाडीचंच सांगते.

गाडी आठवते ना? चादरीच्या कारखान्यावाल्या अण्णांची. दोन दारांची, दोनच माणसांची, कापडी टपाची, बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे वर काढणारी. पहिल्यांदा आपल्या वायरिंगच्या दुकानात आली तेव्हा तू ऐटीत आत बसलास आणि मग तुला बाहेरच निघता येईना! मी आणि वहिनीनं दोन हात धरून तुला उपसून काढलं होतं. "ही गाडी हाय का पाळणा?" म्हणालास. अजूनही सात रस्त्याला सिग्नलला थांबली की रिक्षावाले वाकून आत बघतात.

महिन्यापूर्वी ती बंद पडायला लागली. बंद म्हणजे कशी? चालता चालता सगळे काटे शून्यावर, इंजिन गप्प, दिवे एकदा अर्धवट वर येऊन खाली. आणि मिनिटभरानं किल्ली फिरवली की जणू काही झालंच नव्हतं! दुकानात आणली की दिवसभर सुरू ठेवा, हूं की चूं नाही. डॉक्टरांच्या दारात पोराचा ताप उतरतो ना, तसं.

मी इंजिनाचा रिले बदलला. चार दिवस स्वतः चालवली. काही झालं नाही. "झालं काम," असं म्हणून अण्णांच्या हातात किल्ली दिली.

आठवड्यानं अण्णांची स्वाती होटगी रस्त्यानं येत होती. तिथं गाडी बंद पडली, रस्त्याच्या मधोमध. मागं खडीचा ट्रक. त्या ड्रायव्हरनं कसाबसा बाजूनं काढला, आरसा तेवढा उडाला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही म्हणे.

अण्णा गाडी टोचन करून घेऊन आले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "शकूताई, तुमी झालं म्हणालात म्हणून पोरीच्या हातात गाडी दिली की मी."

दादा, तेव्हापासून मला घास गोड लागत नाहीये.

तुटलेली तार मला कळते. जळालेला फ्यूज तर शाळेतल्या पोरालाही कळतो. पण जे आत्ता नाही, मघाशी होतं आणि पुन्हा कधी येईल ठाऊक नाही, ते शोधायचं कसं? त्याहून वाईट म्हणजे, ते गेलं हे ओळखायचं कसं? गाडी बंद पडली नाही तर ती बरी झाली, की नुसती दबा धरून बसलीय? तू असतास तर बॉनेटवर हात ठेवून म्हणाला असतास, "तापव, हलव, भिजव. दडून दडून कुटं दडंल?" तापवली. हलवली. पाइप लावून भिजवलीसुद्धा. शेजारचा पंक्चरवाला विचारतो, "ताई, गाडी दुरुस्त करायलाय का आंघोळ घालायलाय?"

गेले सहा दिवस रोज दुपारी बाराला गाडी काढायची, होटगीपर्यंत जायचं आणि यायचं. व्होल्ट मोजायचं मीटर शेजारच्या सीटवर. एक डोळा रस्त्यावर, एक आकड्यावर. मागं ट्रक दिसला की गाडी कडेला घ्यायची. फ्यूजची पेटी उघडून एकेका फ्यूजचे पाय घासले, किल्लीचा स्विच नवा घातला, इंजिनाच्या अर्थिंगच्या तारा काढून, पत्रा खरवडून परत बसवल्या. तरीही बुधवारी काटे पडले. शुक्रवारी पुन्हा. दोन्ही वेळा मी मीटरकडे झेप घेईपर्यंत सगळं जागेवर! स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी तुला शिव्या दिल्या. ऐकल्यास का?

देऊ नको तर काय करू? अर्धी विद्या शिकवलीस आणि निघून गेलास. तुझंही त्या गाडीसारखंच की! "छातीत भरून आल्यागत वाटतंय" म्हणालास, म्हणून वहिनीनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथं गेल्यावर काही दुखेना. ईसीजीची पट्टी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर लगेच या, मोठी तपासणी करू. तू घरी आलास, वहिनीला म्हणालास, "बघ, कंपनी फिट हाय गाडी," आणि वर कडक भाकरी चुरून दोन वाट्या आमटी हाणलीस! पुन्हा झालं का रे? किती वेळा झालं? कुणाला सांगितलंस?

वहिनी आजही मला विचारते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मध्येच. "शकू, दुकानात कधी काही होत होतं का गं त्यांना? तुला कधी काही दिसलं का?" मी म्हणते, नाही. मग ती म्हणते, "शेजारी झोपणाऱ्या बाईला कळू नये, असली कसली मी?" पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील दादा, ती अजून तिथंच अडकलीय.

आता आजचं सांगते.

सकाळपासून एकच विचार करत होते, कुठं बघितलं नाही? सगळीकडे बघितलं होतं. एक जागा सोडून. या गाडीची बॅटरी मागं डिक्कीत. तिची अर्थिंगची जाड तार कार्पेटखाली बॉडीला बोल्टनं बसवलेली. ती तार तूच केलेली. मूळची गंजली होती, तू मापानं नवी कापून, टोकाला थिंबलची तांब्याची कडी पंचनं दाबून बसवलीस. अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मागचं बघू नका ताई, त्ये दादांचं काम हाय." आणि मलाही ते पटलं होतं! कार्पेट उचललं, वरून तुझी काळी टेप बघितली, तुझ्या डाव्या हाताची उलटी गुंडाळलेली, आणि देवळावरून जाताना करतात तसा नमस्कार करून कार्पेट खाली सोडलं. सहा दिवस सगळी गाडी पिंजली, पण तुझ्या जोडाला बोट लावलं नाही.

आज लावलं. तार मुठीत धरली आणि ओढली. फार जोर लावला नाही रे. थिंबल टेपसकट बोल्टलाच राहिली आणि तार माझ्या हातात आली.

आधी आनंद झाला. सापडलं! मोठ्यानं ओरडले, पंक्चरवाला धावत आला. तारेच्या टोकाला हिरवं चढलेलं, दोन वर्षांत हळूहळू पकड गेलेली, तापली आणि खड्ड्यात आदळली की सुटायची, गार झाली की पुन्हा टेकायची. मग मी थिंबल काढून उजेडात धरली. पंचचा दाब पडतो ना, त्याचा खळगा किती खोल असतो तुझा? नख आत जातं. इथं नुसता ओरखडा होता. लांब दांड्यांचा तो पंच पूर्ण मिटलाच नव्हता. आणि डावीकडची बाजू तर जवळजवळ उघडीच.

तुझा डावा हात, दादा. ज्या हातानं तू नारळ आपटायचास तो.

आणि मग तो दिवस आठवला. तू डिक्कीत वाकला होतास, मी पुढं दिव्याच्या वायरी बांधत होते. आपल्या दुकानाची रीत, जोड एकानं करायचा आणि ओढून दुसऱ्यानं बघायचा. करणाऱ्याला स्वतःचा जोड पक्काच वाटतो, असं तूच म्हणायचास. तू हाक मारलीस, "शकू, ओढ गं." माझे हात गुंतले होते. आणि तुझा जोड, तो काय ओढायचा? मी जागची हलले नाही. तिथूनच म्हणाले, "ओढली."

मी पुढंच उभी आहे हे तुला दिसत होतं की! एरवी माझी खरडपट्टी काढली असतीस. त्या दिवशी टेप गुंडाळलीस, कार्पेट टाकलंस आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिलास. मी विचारलं, "चहा सांगू?" तू नको म्हणून मान हलवलीस. अकरा दिवसांनी तू गेलास.

मी ओढली असती तर तार हातात आली असती. मी तुझ्याकडे बघितलं असतं. तुझ्या हाताचा जोड सुटला म्हणजे हाताला काहीतरी झालंय, एवढं मला नक्की कळलं असतं! कदाचित तू म्हणाला असतास, "पंच म्हातारा झालाय." कदाचित मी तेही खरं मानलं असतं. माहीत नाही. पण विचारलं तरी असतं ना! आणि तू तरी पंच माझ्या हातात का दिला नाहीस? "शकू, जरा दाब, हाताला जोर येईना" एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? धाकट्या बहिणीपुढं कसली रे ती ऐट!

मी नवी तार कापली, नवी थिंबल, पंच पोटाशी धरून पूर्ण मिटेपर्यंत दाबला. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. म्हटलं, "वहिनी, ही तार धरून ओढ." ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, "कळायचं काही नाही, जोर लाव." तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी अशी ओढली की गाडीच हलली. जोड तसूभर सरकला नाही. मग तिनं विचारलं, "सापडलं व्हय? कुटं हुतं?" मी म्हटलं, "अर्थिंगला." जुनी थिंबल माझ्या मुठीत होती. ती डबा ठेवून गेली आणि मी हे पत्र लिहायला घेतलं.

आता थोड्या वेळानं पुन्हा होटगीला जाऊन येईन. उद्या पहाटेही. अण्णांना खरं काय ते सांगेन, की जोड आमचाच होता. त्यांना वाटेल ते बोलू देत. स्वातीला माझ्याशेजारी बसवून पहिली फेरी मीच मारेन. भीती गेली असं म्हणत नाही. ती बहुतेक या धंद्यात जाऊच नये.

पण तुला शब्द देतेय तो वेगळाच आहे. आज संध्याकाळी घरी गेले की वहिनीसमोर ती थिंबल ठेवणार आहे. सांगणार आहे, की वहिनी, तू विचारत होतीस ते दुकानात झालं होतं, माझ्यापासून चार हातांवर. दादानं मला हाक मारली होती आणि मी न ओढता "ओढली" म्हणाले. ती रडेल. कदाचित महिनाभर माझ्या हातचं पाणी पिणार नाही. चालेल मला. पण तिला वाटतंय तिच्या एकटीच्याच नजरेतून तू निसटलास, ते मी आजच्या नंतर एक दिवसही वाटू देणार नाही.

तुझी,
शकू